फॉन्टमध्ये लपलेला दुसरा 'क्यू' स्क्रायबसमध्ये कसा आणायचा

फॉन्टच्या जाहिरातीत लांब शेपटीचा झकास इंग्रजी क्यू (Q) दिसतो, आपण फॉन्ट टाकतो, टाइप करतो आणि येतो तोच साधा क्यू. फॉन्ट खराब नाहीये हो. बऱ्याचदा त्या दुसऱ्या आकाराला स्वतःचा युनिकोड नंबरच (कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्या ठरलेल्या नंबराने ओळखतो तो) नसतो, त्यामुळे तो कीबोर्डवरून येत नाही की कॉपी-पेस्टनेही येत नाही. अक्षर तेच राहतं, फक्त चेहरा बदलायचा असतो, आणि त्यासाठी फॉन्टमधलं ओपनटाइप फीचर, म्हणजे फॉन्टमध्येच भरून ठेवलेली आकार बदलायची सोय, चालू करावं लागतं.

स्क्रायबस म्हणजे पुस्तकं-मासिकांची पानं मांडायचं मोफत सॉफ्टवेअर; आधी त्याचं व्हर्जन बघा. १.४ असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, त्यात ही सोयच नव्हती. २०१७ मध्ये १.५.३ ला हार्फबझवर (अक्षरांचे आकार जुळवणाऱ्या लायब्ररीवर) चालणारं नवीन टेक्स्ट इंजिन आलं तेव्हापासून हे जमायला लागलं, पण ती डेव्हलपमेंट सिरीज, म्हणजे अजून चाचणीत असलेली, होती. जानेवारी २०२४ ला स्टेबल १.६.० आलं, तेव्हा सरळ १.६ घ्या.

आता टेक्स्ट फ्रेममध्ये जाऊन फक्त तेवढं एक अक्षर सिलेक्ट करा, अख्खा परिच्छेद नको, कारण स्टायलिस्टिक सेट (पर्यायी आकारांचा एक गट) लावला की त्या सेटमधली बाकीची अक्षरंही बदलतात आणि मग आपल्याला कळतच नाही की हा वाय (Y) असा वेडावाकडा का दिसतोय. एफ३ दाबा, मजकुराच्या सेटिंग्सचं पॅलेट उघडेल, त्यात फॉन्ट फीचर्स नावाचा भाग आहे. तिथे लिगेचर (जोडून काढलेली अक्षरं), स्मॉल कॅप्स (छोट्या उंचीची कॅपिटल अक्षरं), आकड्यांचे प्रकार आणि स्टायलिस्टिक सेट मिळतील. जे पुसट दिसतंय ते तुमच्या फॉन्टमध्ये नाही. सेट १ ते २० पर्यंत असू शकतात आणि कुठल्या नंबरात काय ठेवायचं हे फॉन्ट बनवणारा ठरवतो, म्हणून एकेक लावून बघणं आलंच. कंटाळा असेल तर वाकामाई फॉन्ड्यू नावाच्या साइटवर फॉन्टची फाइल ओढून टाका, कुठलं फीचर काय करतं ते चित्रासकट दाखवते. सरावाला ईबी गॅरामाँड घ्या, फुकट आहे आणि जुन्या वळणाचे आकडे, स्मॉल कॅप्स, जोडलेले सीटी-एसटी (ct, st) सगळं त्यात आहे.

हाच आकार दहा ठिकाणी हवा असेल तर हाताने लावत बसू नका. एफ४ ने स्टाइल मॅनेजर उघडून कॅरेक्टर स्टाइल बनवा, त्यात हे फीचर ठेवा आणि हवं तिथे ती लावा.

इन्सर्ट मेन्यूतून ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधला नुसता आकार, निवडून टाकायचा मोह होईल. काही फॉन्टमध्ये हे आकार युनिकोडच्या प्रायव्हेट यूज भागात (ज्या नंबरांना ठरलेलं अक्षर नाही तिथे) ठेवलेले असतात, ते तिथून टाकता येतात, पण मग ते अक्षर क्यू राहत नाही. शोधलं तर सापडत नाही, स्पेलचेक अडखळतो आणि उद्या फॉन्ट बदलला की तिथे रिकामा चौकोन. मी एकदा अख्खं पुस्तक असं केलं होतं, परत कधी नाही.

दुसरी सॉफ्टवेअरं वापरत असाल तर, लिब्रेऑफिस रायटरमध्ये ६.२ पासून कॅरेक्टर डायलॉगात फॉन्टच्या शेजारी फीचर्स बटण आहे. चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये १.० पासून टेक्स्ट अँड फॉन्ट डायलॉगात फीचर्स टॅब. दोन्हीकडे विशेष डोकं लावावं लागत नाही.

देवनागरीत मात्र एक गंमत आहे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं आणि हिंदी वळणं एकाच फॉन्टमध्ये असू शकतात आणि कुठलं दिसणार हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं, सेटवरून नाही. म्हणजे सगळं करूनही हिंदी 'ल' येत असेल तर फीचर्स सोडा, भाषा बघा. रायटरमध्ये देवनागरीची भाषा इंग्रजीपासून वेगळी, सीटीएल फॉन्टच्या (देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांच्या) भागात असते, तिथे मराठी निवडा. तरी बदललं नाही तर त्या फॉन्टात मराठी वळण घातलेलंच नाही, दुसरा फॉन्ट शोधा.