उपासनेत देव भेटावा असं वाटत असेल तर हे करून बघा

बरेच जण म्हणतात की आम्ही दर रविवारी चर्चला जातो, गाणी म्हणतो, पाळकांचा म्हणजे धर्मगुरूंचा संदेश (प्रवचन) ऐकतो, पण देव भेटला असं काही वाटत नाही, शेजारचा रडतो आणि आम्ही आपले पंख्याकडे बघत बसतो. तर पहिलं म्हणजे रडू येणं, अंगावर काटा येणं ही भेटीची खूण नाही, कीबोर्डवाला चांगला असला की कोणालाही भरून येतं.

खरी तयारी शनिवारी रात्रीच करायची. बायबलमधल्या मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सरळ सांगतो, अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. आपल्याकडे बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच मंडळीत दोन टोकांना बसतात, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) पण घेतात आणि वर म्हणतात देव बोलत नाही! फोन लावा, "भाऊ, चुकलं माझं" एवढं म्हणा, त्याने कट केला तरी तुमच्या बाजूने झालं. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

रविवारी जरा लवकर पोहोचा, मे महिन्यात भुसावळ-जळगावला सकाळीच घाम निघतो, धावतपळत आलात की मन जाग्यावर यायलाच अर्धी उपासना जाते. मोबाइल बंद. लांबलचक प्रार्थना नको, बायबलमधला शमुवेल देवाने हाक मारल्यावर "बोल, तुझा दास ऐकत आहे" एवढंच म्हणाला होता. घरी अहिराणी बोलता ना, मग अहिराणीतच बोला, नवापूरकडच्यांनी मावचीत, देवाला पुस्तकी मराठी लागत नाही. "देवा, मी आठे शे" (मी इथे आहे) म्हणा आणि गप्प बसा.

गाताना घाई नको. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) गीतं तर अभंगाच्या चालीची, एखाद्या ओळीवर अडकलात तर अडका, बाकीचे जाऊ द्या पुढे. संदेशातलं टोचलेलं एक वाक्य धरून ठेवा, सगळं लक्षात ठेवायला जाऊ नका. आणि "पाळकांनी आज बरोबर त्याला सुनावलं" असं मनात आलं की समजा ते वाक्य निसटलं.

प्रभुभोजनाआधी पौल आत्मपरीक्षा करायला सांगतो (१ करिंथ ११:२८). तेव्हा "माझी सगळी पापं माफ कर" असं घाऊक नको, नाव घेऊन सांगा, कापसाच्या वजनात किती मारलं, बायकोला काय बोललो, कोणाचे पैसे अडकवून ठेवलेत. भाकर हातात असताना हे बोलणं जड जातं, पण तिथेच बोला.

तरी कोरडं गेलं तर बायबलमधलं स्तोत्र १३ वाचा, दावीद तिथे चक्क तक्रार करतो, तुम्हीही करा. बरेच रविवार तसंच चाललं तर पाळकांना नाहीतर घरगुती प्रार्थनेत मोकळेपणी सांगा. आणि हो, मनात काही "ऐकू" आलं तर ते बायबलच्या वचनाशी जुळतं का हे आधी बघा, कोणी देवाच्या नावाने बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर मुळीच ऐकू नका, गोळ्या चालू ठेवा आणि प्रार्थनाही.