वस्तीनिहाय आरोग्य-जोखीम कशी मोजावी: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

दिघ्याच्या डोंगरउतारावरच्या चाळीत कारखान्यांचा धूर, पत्र्याचं छत, अपुरं पाणी, रोजंदारी आणि लांबचा दवाखाना हे सगळं एकाच घराच्या वाट्याला येऊ शकतं. महापालिकेत मात्र याच गोष्टी वेगवेगळ्या विभागांच्या नोंदींत विखुरलेल्या असतात. प्रत्येक विभाग आपला आकडा बघतो आणि त्या घरावर एकूण किती ओझं आहे हे कुणालाच दिसत नाही. ते ओझं एकत्र मोजायची ही पद्धत आहे. चार-पाच जणांची संस्था, एखादं महाविद्यालय किंवा आरोग्य विभागातला गट ती वर्षभरात पूर्ण करू शकतो.

आधी वस्ती आखा

निवडणुकीचा प्रभाग एकक म्हणून घेऊ नका. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४१ लाख होती आणि पालिकेत १३१ नगरसेवक आहेत. म्हणजे चार सदस्यांच्या एका प्रभागात, जुन्या आकड्यांनीसुद्धा, ५५ हजारांच्या आसपास लोक येतात. घोडबंदर रस्त्यावरची संकुलं आणि येऊरच्या पायथ्याच्या चाळी अशा एकाच प्रभागात सापडल्या, तर सरासरीत चाळ नाहीशी होते. शिवाय प्रभागरचना बदलली की मागच्या वर्षाशी तुलनाही संपते.

२०० ते ५०० घरांची वस्ती हे एकक धरा. शहरी आरोग्य अभियानात एका आशाताईकडे साधारण एवढीच घरं असतात, त्यामुळे पुढे नोंदी जुळवणं सोपं जातं. हद्द नाला, रेल्वे रूळ, मोठा रस्ता किंवा एमआयडीसीची भिंत अशा न हलणाऱ्या खुणांवर ठेवा. उपग्रह छायाचित्रावर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा ओढा आणि मग आशाताईंबरोबर चालत जाऊन ती दुरुस्त करा. प्रत्येक वस्तीचा प्रकार लिहा: गावठाण, कोळीवाडा, सिडकोची कॉलनी, चाळ, झोपडपट्टी, संकुल, पाडा. घणसोली किंवा कोपरखैरण्यात गावठाण आणि सिडकोचं सेक्टर एका रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना एका वस्तीत घालू नका.

साधारण ४० वस्त्या घ्या आणि त्यांत किमान दहा सुस्थितीतल्या असू द्या. फक्त गरीब वस्त्या मोजल्या तर तुलनेला आधार उरत नाही.

पर्यावरणाचा भार: काय मोजायचं, कसं मोजायचं

हवा. एमपीसीबीची, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची, हवा मोजणारी केंद्रं मोजकी आहेत. नवी मुंबईत ऐरोली, महापे, नेरूळ आणि ठाण्यात पिंपळेश्वर मंदिराजवळ अशी केंद्रं आहेत, पण त्यांच्या आकड्यांवरून वस्ती-वस्तीतला फरक कळत नाही. त्यासाठी धूळ मोजणारे स्वस्त लेझर सेन्सर चालतात, एका अटीवर: बसवण्याआधी सगळे सेन्सर १४ दिवस एखाद्या अधिकृत केंद्राशेजारी ठेवा आणि प्रत्येकाचा सुधार-गुणक, म्हणजे त्याचा आकडा केंद्राच्या आकड्याशी जुळवणारा गुणक, काढा. हे टाळलं तर तुम्ही वस्त्यांमधला फरक न मोजता सेन्सरांमधला फरक मोजता. सेन्सर साधारण तीन मीटर उंचीवर लावा आणि चहाची टपरी, चूल, जनरेटर यांच्यापासून दूर ठेवा. दिवसाचे किमान ७५ टक्के तास नोंदले गेले नसतील तर तो दिवस सोडून द्या. पावसाळ्यात दमटपणामुळे धुळीचे कण फुगतात आणि हे सेन्सर जास्त आकडा दाखवतात, म्हणून हवेची मुख्य मोजणी डिसेंबर-जानेवारीत करा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात वास हा वेगळा विषय आहे. दिवसा वारा खाडीकडून जमिनीकडे वाहतो. रात्री तो मंदावतो आणि बऱ्याचदा उलटतो, त्यामुळे पूर्वेकडच्या कारखान्यांचा वास वस्त्यांवर येतो. धुळीचा सेन्सर वायू पकडत नाही. प्रत्येक वस्तीत पाच-सहा घरांना १४ दिवसांची वासाची वही द्या: रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत वास किती वाजता आला, कसा होता, डोळे चुरचुरले का.

पाणी. ठाणे शहराला स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि पालिकेची स्वतःची योजना अशा चार वाटांनी पाणी येतं, त्यामुळे शटडाउनचे, म्हणजे पाणी बंद ठेवण्याचे, दिवस भागागणिक वेगळे असतात. सर्वेक्षणाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी शटडाउन होता का, हे अर्जावर लिहाच. पाणी सुटल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत एक नमुना घ्या आणि अर्ध्या तासानं दुसरा. नळ बंद असताना गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपात घाण ओढली जाते, ती पहिल्या धारेत येते. तिसरा नमुना पिंपातून किंवा माठातून घ्या. उरलेला क्लोरीन डीपीडी किटनं जागेवरच तपासा, कारण तो वाटेत उडून जातो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. क्लोरीन नळाला ठीक आणि पिंपात शून्य असं दिसलं, तर दोष साठवणुकीत आणि कमी वेळ येणाऱ्या पाण्यात आहे. जलवाहिनी बदलून तो जाणार नाही.

शौचालय. पाटीवरची सीट मोजू नका, चालू सीट मोजा: दार, कडी, पाणी, दिवा. स्वच्छ भारतच्या निकषात सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक सीट धरली आहे. बायकांना वेगळं विचारा की रात्री अकरानंतर तिथे जाता येतं का. कित्येक बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, आणि हे कुठल्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

उष्णता. एप्रिल-मेमध्ये दहा दिवस, प्रत्येक वस्तीत तीन-चार घरांत तापमान-नोंदणी यंत्र ठेवा. जमिनीपासून दीड मीटरवर, पत्र्याला न चिकटवता, शेगडीपासून लांब, दर पंधरा मिनिटांना एक नोंद. दुपारच्या कमाल आकड्याइतकंच रात्रीच्या किमान आकड्याकडे लक्ष द्या. घर पहाटेपर्यंत तापलेलं राहिलं तर शरीराला विसावा मिळत नाही.

पूर आणि दरड. गेल्या तीन पावसाळ्यांत पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत आलं आणि किती वेळ राहिलं, ते विचारा. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की खाडीलगतच्या नाल्यांचं पाणी तुंबतं, म्हणून भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. पारसिकच्या उतारावरच्या घरांसाठी दरडीची नोंद वेगळी हवी.

घरोघरची पाहणी

घरांची यादी करा आणि ठरावीक अंतरानं घर निवडा. ४०० दारं असतील आणि ४० हवी असतील, तर दर दहावं दार. सुरुवात १ ते १० मधल्या चिठ्ठीनं. घर बंद असेल तर दोनदा परत जा, शेजारचं घर घेऊ नका. सकाळी अकराला गेलात तर धुणीभांडी करणाऱ्या बायका, तुर्भ्याच्या बाजारातले माथाडी कामगार, पाळीत काम करणारे कुणीच भेटत नाहीत, आणि नेमक्या त्याच घरांची माहिती सुटते. संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी जा.

चाळीस घरांवरून काढलेल्या टक्केवारीत साधारण १५ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते, ९६ घरांवर ती १० पर्यंत येते. म्हणून एका वस्तीत ४५ टक्के आणि दुसरीत ५५ आले, तर त्या वेगळ्या आहेत असं लिहू नका.

महिन्याचं उत्पन्न थेट विचारू नका, उत्तर खरं येत नाही. त्याऐवजी हे विचारा: कमावणारे किती, त्यांतले रोजच्या रोज पैसे मिळणारे किती, भाडं किती, वर्षभरात औषधपाण्यासाठी उसने पैसे घेतले का, ३० दिवसांत कुणाला एक वेळचं जेवण सोडावं लागलं का. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं असतील तर दाटी धरा. घर अधिकृत आहे का, नळजोडणी कुणाची आहे, हे प्रश्न अर्जात ठेवूच नका. अशी माहिती कारवाईसाठी वापरली जाऊ शकते, आणि ही भीती एकदा पसरली की पुढचं एकही दार उघडणार नाही.

आरोग्याच्या नोंदींतला सापळा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. दवाखाना लांब असेल तिथे निदान कमी होतं आणि कागदावर आजारही कमी दिसतो. नोंदलेले रुग्ण तसेच एकत्रित जोखमीच्या आकड्यात घातले, तर सोयी नसलेली वस्ती निरोगी ठरते आणि निधी दुसरीकडे जातो. म्हणून दारात जाऊन मोजा. ३० वर्षांवरच्यांचा रक्तदाब दंडाच्या यंत्रानं घ्या: पाच मिनिटं बसवून तीन वेळा, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोनांची सरासरी, १४०/९० किंवा वर असेल तर जास्त. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा दंडघेर घ्या: १२.५ सेंटिमीटरखाली मध्यम आणि ११.५ खाली तीव्र कुपोषण. रक्तदाब १८०/११० च्या वर किंवा दंडघेर ११.५ खाली आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोचवा. नुसतं मोजून निघून जाणं अन्याय आहे.

तुलनेआधी वयाचा हिशेब करा. वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांत वयस्क जास्त, दिवा परिसरात तरुण कुटुंबं जास्त. वयोगटवार टक्केवारी काढून सगळ्या वस्त्यांना एकच वयरचना लावा. क्षयरोगासारखे कमी संख्येचे आजार तीन वर्षं एकत्र करून पाहा, आणि पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर आकडा छापू नका.

एकत्र कसं करायचं

प्रत्येक निर्देशकावर, म्हणजे मोजलेल्या प्रत्येक बाबीवर, वस्त्यांना क्रम लावा, सगळ्यात वाईट वस्तीला सगळ्यात मोठा क्रमांक. गुण = (क्रम − ०.५) ÷ वस्त्यांची संख्या × १०. चाळीसांत ३१ वी वस्ती असेल तर ७.६. दिशा तपासा: चालू सीटा जास्त असणं चांगलं, दाटी जास्त असणं वाईट. दोन निर्देशकांचा परस्परसंबंध (कोरिलेशन) ०.८ च्या वर असेल तर एक काढून टाका, नाहीतर एकच दुःख दोनदा मोजलं जातं.

पर्यावरणाच्या गुणांची सरासरी म्हणजे भार. सामाजिक-आर्थिक निर्देशक आणि आरोग्याचे निर्देशक या दोन गटांच्या सरासरींची सरासरी म्हणजे असुरक्षितता. मग दोन्ही आकडे गुणा, तीच वस्तीची एकूण जोखीम. २०१३ पासून कॅलिफोर्निया राज्य आपल्या वस्त्यांसाठी प्रदूषण गुणिले लोकांची स्थिती असाच हिशेब करतं. कारण साधं आहे: तीच धूळ कुपोषित मुलाला जास्त इजा करते. नमुन्यादाखल, रस्त्यालगतचं संकुल भार ९ आणि असुरक्षितता २, तर चाळ दोन्हींत ५.५. बेरजेची सरासरी दोन्हींची ५.५ येते. गुणाकार १८ आणि ३०.२५.

संकुलातली धूळ मात्र खरीच आहे, म्हणून तक्त्यात भार, असुरक्षितता आणि गुणाकार हे तिन्ही आकडे छापा. क्रम म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेही तिथेच दाखवा: पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा भारतात ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. चाळीसांतली सगळ्यात चांगली वस्तीही या दुसऱ्या मर्यादेच्या बरीच वर असू शकते.

शेवटी पद्धत हलवून पाहा. एकेक निर्देशक काढून आणि कुठल्या निर्देशकाला किती महत्त्व ते बदलून पुन्हा क्रम लावा. प्रत्येक वेळी पहिल्या दहांत राहणाऱ्या वस्त्या ठामपणे सांगा, आत-बाहेर करणाऱ्या वस्त्यांपुढे क्रमाचा पट्टा लिहा, उदाहरणार्थ ७ ते १६.

पालिकेकडे जाण्याआधी निकाल वस्तीतल्या महिला आरोग्य समितीपुढे ठेवा. मोरीत तुंबणारं पाणी कुठून येतं हे तिथल्या बायका नकाशावर बोट ठेवून दाखवतात, आणि चुकलेली हद्दही तिथेच सापडते. घरनिहाय नकाशा कुणालाही देऊ नका, नावं आणि पत्ते वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद ठेवा. पुढच्या वर्षी त्याच वस्त्या, त्याच ऋतूत, त्याच जागी सेन्सर लावून मोजा. सेन्सर बदलला असेल तर १४ दिवसांची जुळवणी पुन्हा करा.