जुना कोल्ट घेताना चकाकीला भुलू नका

अमेरिकी शस्त्र कंपनी कोल्टचं 'सिंगल ॲक्शन आर्मी' (१८७३ चं मॉडेल) रिव्हॉल्व्हर विकत घेताना आधी नंबर जुळवा. फ्रेम, ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) आणि मुठीची मागची पट्टी, तिन्हींवर सिरियल नंबर एकच हवा. मग भिंगातून कडा बघा. अक्षरं पुसट, कोपरे गोलावलेले, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा असेल, तर कुणीतरी ते घासून पुन्हा रंगवलंय, आणि किंमत तिथेच कोसळते. खरी झीज मला कितीतरी सुंदर वाटते! म्हणून घरी आणल्यावरही पॉलिश नको, फक्त तेलाचा हलका हात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र 'अँटिक' म्हणजे पुरातन ठरतं. त्यामुळे उत्पादनाचं वर्ष सिरियल नंबर आणि कोल्टच्या अभिलेखागाराच्या पत्रावरून पक्कं करा, विक्रेत्याच्या शब्दावर नाही.