जुन्या परीकथांचे कार्टून सिनेमे मुलांना कसे दाखवायचे

सगळ्यात आधी, सिनेमा लावून देऊन स्वतः किचनमध्ये जायचं नाही. हे सिनेमे संथ आहेत, आणि मूल एकटं बसलं की पाच मिनिटांत मोबाईल मागतं, शेजारी कुणी गोष्ट सांगणारं असलं की तेच मूल टक लावून बघतं.

सुरुवात छोट्यापासून करा. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९५० च्या दशकात सिंड्रेला, थंबेलिना, हॅन्सेल-ग्रेटेल अशा दहा-दहा मिनिटांच्या फिल्म केल्यात. काळ्या कागदाच्या, कात्रीने कापलेल्या आकृत्या, सांध्यांना तार, आणि एकेक फ्रेमला किंचित हलवून फोटो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पाहिलेल्यांना हे लगेच आपलं वाटेल. चेहरा दिसतच नाही, सगळा राग-आनंद मान आणि बोटांमधून कळतो, तेवढं मुलांना एकदा दाखवून द्या, पुढचं ती स्वतः शोधतात. त्यांचाच १९२६ चा प्रिन्स अहमद तासाभराचा आणि मूकपट आहे, त्यातली जादूगार आणि चेटकिणीची रूपं बदलत चाललेली लढाई आधी नुसती तेवढीच दाखवा, मग पूर्ण बघायची मागणी बहुतेक मुलांकडूनच येते.

मग १९५७ चा रशियन स्नो क्वीन. मला हा सगळ्यात जवळचा. सबटायटल असली तर ती मराठीत तुम्हीच मोठ्याने वाचा, आवाज बदलून, अगदी शब्दाला शब्द नको, आजी सांगायची तसं सांगा. ती दरोडेखोरांची मुलगी आधी गेर्डाला, म्हणजे गोष्टीतल्या नायिकेला, धमकावते आणि नंतर तिच्यासाठी रेनडिअर सोडून देते ना, तिथे मात्र गप्प बसा, काही समजावू नका.

१९३७ चा स्नो व्हाइट सगळे पहिला लावतात पण लहान मुलांना तो घाबरवतो, जंगलातली डोळे वटारणारी झाडं आणि राणीची म्हातारी होते तो सीन. चार-पाच वर्षांच्या मुलाला आधीच सांगून ठेवा की आता भीतीचं येणारे, हवं तर माझा हात धर, आणि दिवा चालू ठेवा. राजकुमार येईपर्यंत स्नो व्हाइट झोपून का राहते असं मुलीने विचारलं तर लेक्चर नको, तुला काय वाटतं विचारा आणि खरंच ऐका.

टीव्हीचं सेटिंग बघाच! चित्र ताणून स्क्रीनभर करू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर सगळे बुटके-जाडे दिसतात. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो ते सेटिंग, बंद करा, त्याने हाताने काढलेल्या रेषांची मजाच जाते.

आणि मध्येच उठून गेलं मूल तर ओढून बसवू नका, तिथेच थांबवा, उरलेला उद्या बघा, पण उद्या लावताना आधी त्यालाच विचारा की काल कुठपर्यंत आलो होतो.