अंगाला लावायचा स्टार्च: पारख, साठवण आणि वापर

घामोळ्यांच्या दिवसांत टाल्कऐवजी आरारोट किंवा कॉर्नफ्लॉवर अंगाला लावले तर चालेल का, या प्रश्नाचे उत्तर ‘चालेल’ असेच आहे. तांदूळ, मका, बटाटा किंवा टॅपिओका (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) यांचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या; त्या इतक्या मोठ्या असतात की अखंड त्वचेतून आत शिरू शकत नाहीत. जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या बेबी पावडरमधील टाल्क काढून 2023 मध्ये जगभर मक्याचा स्टार्च वापरायला सुरुवात केली, त्याआधीपासूनच हा घटक पावडरींमध्ये रुळलेला होता. त्रास होतो तो बहुधा स्टार्चमुळे नव्हे, तर त्याच्याबरोबर आलेली भेसळ, ओल, सुगंधी द्रव्ये आणि हवेत उडणारी धूळ यांमुळे.

पहिली खातरजमा नावाची करावी. मक्याचे पिवळे पीठ आणि कॉर्नफ्लॉवर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पिठात प्रथिने आणि तेलही असते, त्यामुळे ते खवट होते आणि अंगाला चिकटते, तर आपल्याकडे कॉर्नफ्लॉवर या नावाने मिळणारी पांढरी, बोटांत चिमटल्यावर करकरणारी पूड म्हणजे निव्वळ स्टार्च. आरारोटाचे प्रकरण जास्त फसवे आहे, कारण किराणा दुकानात या नावाने सुटे मिळते ते पुष्कळदा मक्याचे किंवा टॅपिओकाचे असते. त्वचेच्या दृष्टीने यात बिघडत काही नाही, पण मक्याची ॲलर्जी असलेल्याने सुट्या मालाच्या वाटेस जाऊ नये. गव्हाच्या स्टार्चमध्ये गव्हाची प्रथिने थोडी का होईना उरू शकतात, म्हणून गव्हाची ॲलर्जी असेल तर तोही टाळावा.

सुट्या मालाची पारख घरी करता येते. एक चमचा पूड अर्धा कप गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत उकळावी. स्टार्च असेल तर साडीला घालतात तशी खळ तयार होते: मक्याची दुधट आणि टॅपिओकाची पारदर्शक, ओढल्यास तार धरणारी. या खळीत चार-पाच कप गरम पाणी घालून ती पातळ करावी आणि तासभर न हलवता ठेवावी. तळाशी पांढरा, बोटाला गुळगुळीत किंवा वाळूसारखा लागणारा साका बसला, तर त्यात शंखजिऱ्यासारखी (म्हणजे टाल्कसारखी) खनिज पूड मिसळलेली असण्याचा संभव आहे. कोरड्या पुडीवर लिंबाचा रस पिळल्यावर फसफस झाली तर खडूचा किंवा सोड्याचा संशय घ्यावा. आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळा-काळा रंग येतो, पण त्यावरून स्टार्च आहे एवढेच कळते, दुसरे काही नाही हे कळत नाही. म्हणून खळीची परीक्षा मला अधिक भरवशाची वाटते. होळीच्या ‘हर्बल’ गुलालातही पुष्कळदा स्टार्चच असतो, मात्र त्यातील रंगाचा निकाल या परीक्षांनी लागत नाही.

साठवण हा खरा कळीचा भाग आहे. कोरड्या स्टार्चमध्ये जंतू वाढत नाहीत, पण ओलावा लागला की त्यालाच बुरशी धरते. म्हणून घट्ट झाकणाचा कोरडा डबा घ्यावा, तो न्हाणीघरात ठेवू नये आणि पावसाळ्यात थोडाच माल भरावा. गुठळ्या झालेली, कुबट वास येणारी पूड चाळून वापरण्याचा मोह टाळून ती सरळ फेकून द्यावी. अंगाला लावायच्या स्टार्चमध्ये खाण्याचा सोडा घालण्याची शिफारस अनेक घरगुती कृतींत आढळते. सोडा अल्कधर्मी असल्याने काखेत चुरचुर होऊ शकते, तेव्हा तो घालू नये.

लावताना त्वचा पूर्ण पुसून कोरडी करावी, नाहीतर सांध्यांमध्ये स्टार्चचा लगदा होऊन कातडी घासली जाते. पूड आधी स्वतःच्या तळहातावर, चेहऱ्यापासून दूर घ्यावी आणि मग हलकेच फिरवावी; डबा अंगावर झटकू नये. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ तर ती उडताच कामा नये, कारण श्वासावाटे गेलेली बारीक पूड फुप्फुसांना त्रास देते. प्रथमच वापरणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी.

जखम, फुटलेले फोड किंवा नायटा यांवर स्टार्च लावू नये. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवरील मक्याच्या स्टार्चची भुकटी शरीराच्या आत गेल्यास दाह होतो आणि ऊती एकमेकांना चिकटतात, हे एक कारण धरूनच अमेरिकेने जानेवारी 2017 पासून असे हातमोजे बंद केले. अखंड त्वचेवरील पावडरीला हा आक्षेप लागू होत नाही.

घरच्यापुरते करणे वेगळे आणि विकणे वेगळे. बचत गटाने किंवा कोणीही अशी पावडर विकायला बनवायची असेल, तर सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे उत्पादन परवाना लागतो. विकत घेणाऱ्यानेही वेष्टनावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली आहे ना, हे पाहून घ्यावे.