सील बदललं आणि एअर पिस्तूल बिघडलं? या चुका टाळा

एअर पिस्तुलाचं सील, म्हणजे हवा अडवणारा रबरी भाग, बदललं की दोनपैकी एक तक्रार पुढे येते. एकतर हवा टिकत नाही, नाहीतर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा शॉटचा पुंजका, खाली सरकतो. बोल लागतो तो नव्या पार्टला. पण पार्टच खराब निघण्यापेक्षा तो बसवताना काही राहून जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून शोध तिथूनच सुरू करा, जिथे हात लागला होता.

सगळ्यात महागात पडते ती साईट (नेम धरायची पट्टी) फिरवण्याची घाई. मॅच पिस्तुलातून पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो. गळतीमुळे हा वेग १३५ वर आला, तर १० मीटरवर तो नुसत्या गुरुत्वाकर्षणानेच ५ मिलिमीटर जास्त खाली येतो. म्हणजे मधोमध लागणारा १०.९ गुणांचा शॉट १०.३ च्या आसपास जातो, आणि ज्याचा ग्रुप आधीच खाली झुकलेला आहे त्याचे नऊ गुणांचे शॉट वाढतात. साईट वर घेतली की आजचा दिवस निभावतो. पण गळती रोज सारखी नसते, त्यामुळे उद्या तोच ग्रुप भलतीकडे. अशा वेळी मुलं स्वतःच्या ट्रिगरिंगवर शंका घ्यायला लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. आधी क्रोनोग्राफवर, म्हणजे पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा शॉट मारा. सरासरी पाहाच, पण शॉटागणिक वेग किती बदलतो तेही पाहा.

आता गळती कुठे आहे ते शोधा. हवेचा सिलिंडर पिस्तुलाला लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी गेजवरचा दाब बघा. दुसऱ्या रात्री तोच सिलिंडर काढून ठेवा. लावल्यावरच दाब उतरत असेल तर दोष जोडाच्या ओ-रिंगमध्ये (गोल रबरी कड्यामध्ये) किंवा आतल्या सीलमध्ये; काढून ठेवल्यावरही उतरत असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. दाब टिकतो आणि तरी वेग कमी, असं असेल तर ब्रीचचं, म्हणजे पेलेट भरायच्या जागेचं, सील तपासा. तिथली गळती फक्त शॉट सुटतानाच होते, गेजवर ती दिसत नाही. आणि थोडं थांबून मारलेला पहिला शॉटच वेगळ्या वेगाने जात असेल, तर संशय रेग्युलेटरवर, म्हणजे दर शॉटचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागावर.

उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हवं ते करून मिळतं, याचा कोल्हापूरकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण २०० बार दाबाच्या सिलिंडरची ओ-रिंग ‘मापाला बसली’ एवढ्यावर चालत नाही. रबराचा प्रकार आणि कडकपणाही जुळावा लागतो, म्हणून ती कंपनीचीच घ्या. बसवताना टोकदार पिन वापरू नका, बारीकसा ओरखडाही पुरतो. जोड घट्ट व्हावा म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. वंगण फक्त सिलिकॉन ग्रीसचं, तेही नखाएवढं. पेट्रोलियम तेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे दाबाखालच्या हवेत पेट घेऊ शकतो.

खोलण्याआधी सिलिंडर काढा, आत अडकलेली हवा सोडा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला. सिलिंडरवरची तारीखही याच वेळी वाचून घ्या. उत्पादनापासून साधारण १० वर्षांची मुदत संपली असेल, तर सीलवर खर्च कशाला करायचा?

ट्रिगरचा भाग उघडला असेल तर ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून बघा, ते ट्रिगरने पेलायला हवं. ब्रीच बंद करताना पिस्तूल आपोआप सुटत असेल तर सरावच थांबवा. स्क्रू फिरवत बसू नका, जाणकाराकडे द्या.

कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकल्यापासून त्या प्रकाराचं आकर्षण आहे, पण तिथलं .२२ पिस्तूल हे परवान्याचं हत्यार आहे. स्प्रिंग बदलल्यावर ते अडकायला लागलं तर घरी खोलू नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे नेताना कोणता पार्ट बदलला, कोणती काडतुसं वापरली आणि अडकलं ते काडतूस आत जाताना की रिकामी केस बाहेर पडताना, एवढं कागदावर लिहून न्या.