भाड्याच्या खोलीत घाण वास येतोय? आधी हे बघा

बेळगावात टिळकवाडी, वडगाव, शहापूर कुठंही खोली घेतली आणि मोरीतनं वास यायलाय तर लगेच फिनेल ओतू नका, आधी जाळी उचलून बघा. खोली बरेच दिवस बंद असली की खालच्या ट्रॅपमधलं (पाणी साठवून वास अडवणाऱ्या भागातलं) पाणी सुकतं आणि गटारीचा वास सरळ आत येतो, दोन तांबे पाणी ओतलं की बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. नाहीतर आतली वाटी काढून केसांचा गुंता, साबणाचा चिकटा घासून काढा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नको, क्लोरीन वायू होतो, जीवावर बेततं. पावसाळ्यात भिंतीला कुबट वास आला तर कपाट चार बोटं पुढं सरकवा, पण ओल बाहेरनं झिरपत असेल तर ते काम घरमालकाचंच, फोटो काढून लगेच पाठवा, नाहीतर सोडताना डिपॉझिटमधनं कापतात.